ढगांतून उतरलेलं विमान

काल जुना कॉम्प्युटर सुरू केला आणि तापलेल्या धुळीचा वास आला. त्यासरशी मला जबलपूरच्या चेरीतालच्या घरातली एक दुपार आठवली. दुसऱ्या दिवशी ताईचं लग्न होतं, तरी ती कॉम्प्युटरपाशी माझ्या शेजारी येऊन बसली होती. लढाऊ विमान उडवायचा सिम्युलेटर गेम आम्ही दोघी मिळून शिकलो होतो. रडारवरचे ठिपके ती ओळखायची, विमान मी उडवायचे. ढगांतून मात्र ते आम्हाला कधीच उतरवता आलं नव्हतं.

त्या दुपारी विमान ढगांत शिरलं आणि पडदा पुन्हा पांढरा झाला.

"डावीकडे कलून राहिलं ते," ताई म्हणाली.

"मला तर सरळच वाटून राहिलं."

"तुला काय वाटते ते सोड. काटे काय सांगतात ते बघ."

मी ऐकलं. ती उंची वाचत गेली, मी विमान हळूहळू खाली आणत गेले. ढग संपले आणि धावपट्टी अगदी समोर दिसली. चाकं टेकली.

तेवढ्यात आई ताईला शोधत दारात आली. "काहून इथे बसली? पाहुणे आले ना."

"थांब जी आई," ताई हसत म्हणाली, "आत्ताच तर उतरलो आम्ही."

तेव्हा मला विमान उतरल्याचाच आनंद होता. आता वाटतं, भरल्या लग्नघरातून ती माझ्याकडे आली होती, तो आनंद त्याहून मोठा होता.