काडतुसाच्या बुडावरचं कुंकू

मोरेश्वर लांजेवारांना राग यायला कारण लागत नसे, आणि कारण मिळालं तर मग विचारूच नका. पाऊस पडला की त्यांना राग यायचा, आणि अमेरिकेतल्या रेडमंडमध्ये वर्षातले आठ महिने पाऊस. तिथल्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत त्यांनी सव्वीस वर्षं टेस्टिंग केलं. म्हणजे पोरांनी लिहिलेल्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि त्यांच्या पदरात टाकायच्या. ते काम अंगात इतकं भिनलं की रिटायर झाल्यावरही सुटेना. मंडळाच्या गणपतीत झांज कोण बेताल वाजवतंय, हेसुद्धा ते भर आरतीत सांगत.

नागपूरचा हा माणूस शिकारीला कसा लागला, ते ऐका. शेजारी हॅरल्ड नावाचा म्हातारा राहायचा, विमानाच्या कारखान्यातून रिटायर झालेला मशिनिस्ट. त्याची बायको गेली तेव्हा मोरेश्वररावांच्या सुचित्राबाई दोन महिने त्याला डबा देत होत्या. त्याची परतफेड म्हणून हॅरल्ड यांना डोंगरात घेऊन गेला. पहिली दोन वर्षं नुसती ओझी वाहायला लावली, तिसऱ्या वर्षी रायफल हातात दिली, आणि मरताना रीतसर कागद करून तीच रायफल यांच्या नावावर ठेवून गेला. अक्रोडाच्या लाकडाची, साधी, जुनी. तिला काडतूस लागतं ते थर्टी-ऑट-सिक्स. त्यातला सहा म्हणजे एकोणीसशे सहा साल, हे काडतूस जन्माला आलं ते.

हॅरल्डचा नियम एकच होता. रायफलीत घालण्याआधी प्रत्येक काडतुसाचं बूड वाचायचं. प्रत्येक. बुडावर नाव ठोकलेलं असतं. दिसायला काडतुसं एकमेकांची भावंडं. टू-सेव्हंटी म्हणून एक असतं, ते तर थर्टी-ऑट-सिक्सच्याच पितळी नळकांड्यावरून काढलेलं, फक्त मान बारीक आणि केसभर लांब. एकाचं दुसऱ्यात गेलं की गोळी नळीत खुळखुळत निघते, जनावराचा पाय तरी मोडते, नाहीतर गरम वायू मागे फुटून मारणाऱ्याचा डोळा तरी जातो.

आता देवांग. पुण्याचा पोरगा, सॉफ्टवेअरवाला, बोलायला गोड. शिकारीचं वेड त्याला मोरेश्वररावांनीच लावलं होतं. त्याने नवी कोरी रायफल घेतली, नव्या फॅशनचं काडतूस, आणि वारा मोजणारं ॲप. ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या एका पॉटलकला मसालेभाताची प्लेट हातात धरून तो सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, तुमचं काडतूस म्हणजे फ्लॉपी डिस्क आहे यार. म्युझियमला देऊन टाका."

झालं! मोरेश्वररावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"फ्लॉपी? अरे, एकशे वीस वर्षं झाली त्याला! तुझ्यासारखी किती नवी काडतुसं आली आणि गेली, नावंसुद्धा कुणाला आठवत नाहीत. डोंगराच्या पायथ्याला पेट्रोल पंपाचं दुकान असतं ना, बिअर आणि गळाचे किडे विकणारं, तिथे एकच खोकं असलं तर ते याचं असतं. हरिण घे, एल्क घे, अस्वल घे, एकाच रायफलीने होतं. खांद्याला धक्का देतं, खरं आहे. पण खोटं बोलत नाही. नीट मारलंस तर जनावर पडतं, नाही मारलंस तर चूक तुझी. ॲपवर ढकलता येत नाही!"

लोक हसले. देवांगही हसला. मोरेश्वरराव मात्र घरी येईपर्यंत स्टिअरिंगवर हात आपटत होते, आणि सुचित्राबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

त्याच वर्षी शिकारीच्या कॅम्पवर ते घडलं. कॅम्प मोरेश्वररावांचा, शब्द त्यांचा. पहाटे तंबूबाहेर देवांग एका हाताने फोनवर मेसेज करत दुसऱ्या हाताने काडतुसं भरत होता. मोरेश्वररावांनी रायफल त्याच्या हातातून काढून घेतली.

"शेवटचं काडतूस भरलंस, त्याच्या बुडावर काय लिहिलंय?"

"काका, माझ्याकडे एकच टाइपची आहेत."

"काय लिहिलंय?"

देवांगला सांगता येईना. चार माणसं कॉफीचे मग धरून उभी होती. मोरेश्वरराव म्हणाले, "ज्याला बूड वाचायचं भान नाही, त्याने रायफलीला हात लावायचा नाही. हा सीझन तुझा संपला. रायफल गाडीत ठेव."

काडतुसं बरोबरच निघाली, सगळीच्या सगळी. पण मोरेश्वरराव हटले नाहीत. तीन तास ड्राइव्ह करून आलेला, सुट्टी टाकून आलेला पोरगा मान खाली घालून परत गेला. दर रविवारी चहाला यायचा तो यायचा बंद झाला. "जरा जास्तच बोललात तुम्ही," सुचित्राबाई म्हणाल्या. त्यावर तीन दिवस घरात अबोला.

दोन वर्षं गेली, आणि यंदा जूनमध्ये मोरेश्वररावांच्या नावाने बुल एल्कचा परमिट निघाला. आपल्या सांबराचा थोरला भाऊ समजा, घोड्याएवढा, डोक्यावर झाडच्या झाड शिंगं. असल्या नराचा परमिट लॉटरीने मिळतो. मोरेश्वरराव अठरा वर्षं अर्ज करत होते. हॅरल्ड होता तेव्हापासून. आणि नेमकं यंदाच त्यांच्या उजव्या गुडघ्याने राम म्हटला होता. डिसेंबरात ऑपरेशन. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं की त्यानंतर डोंगर विसरा. म्हणजे पहिला परमिट आणि शेवटचा परमिट एकच. दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, पुढच्या वर्षी ढकलता येत नाही. या एका गोष्टीपायी माणूस उन्हाळाभर जिना चढ-उतर करत होता आणि प्रत्येक पायरीला शिव्या घालत होता.

मग आली खंडेनवमी. शस्त्रपूजा त्यांच्याकडे दरवर्षी व्हायची. सुचित्राबाईंचा लॅपटॉप, शिलाई मशीन, सुऱ्या, आणि मधोमध हॅरल्डची रायफल. यंदा लेकीलाही त्यांनी तिची रायफल घेऊन बोलावलं. नैना इथेच जन्मली, डोंगरापलीकडे एलेन्सबर्गला गाईघोड्यांची डॉक्टर आहे. तिची रायफल टू-सेव्हंटी, धक्का कमी म्हणून तिने ती घेतलेली.

पाटावर लाल कापड, त्यावर काडतूस नळीत ढकलणारा बोल्ट काढून ठेवलेल्या दोन्ही रायफली. नैनाने काडतुसांची खोकी पाटाशी ठेवली, तर मोरेश्वरराव खेकसले, "पुठ्ठ्याची पूजा करायची का?" स्वतः दोन्ही खोकी उघडून त्यांनी काडतुसं पितळी ताटातल्या तांदळात टोकं खोचून उभी मांडली, बुडं वर. मग एकेकाच्या बुडावर ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं. वर सुचित्राबाईंनी उधळलेली हळद, अक्षता, झेंडू. आरती झाली. नैना ताट उचलायला गेली तर पुन्हा डाफरले, "हात लावू नका कुणी! मी बघतो." आणि बघितलं त्यांनीच. फडक्याने अंग पुसून, कुंकू तसंच राखून, काडतुसं पुन्हा खोक्यांत भरली. मानेकडे बघून ओळखता येतात की, तीस वर्षांची नजर आहे.

तीन आठवड्यांनी बापलेक डोंगरावर होते. परमिट बापाचा, लेक मांस वाहायला आलेली. तिची रायफल घरीच. गाडीत अंधारात चार काडतुसं मोरेश्वररावांनी बोटांनी चाचपून रायफलीच्या पोटातल्या मॅगझिनमध्ये भरली. "टॉर्च देऊ?" नैनाने विचारलं. "एल्कला तार करतेस का, आम्ही आलोय म्हणून?" ते म्हणाले. वाटभर त्यांची बडबड चालू होती. खालच्या रस्त्यावर गाड्या लावणाऱ्यांवर राग, गुडघ्यावर राग, काठी हवी का म्हणून विचारणाऱ्या लेकीवर राग. "देवांग असता तर ड्रोन उडवला असता," असंही एकदा म्हणाले. दोन वर्षांत पहिल्यांदा त्याचं नाव तोंडातून निघालं. 

उजाडता उजाडता ते एका पडलेल्या पाइनच्या ओंडक्यामागे बसले. आणि तासाभरात तो आला.

समोरच्या उतारावर, एकशे ऐंशी यार्डांवर, झाडीतून बाहेर. एकटा. मान वर केली तेव्हा शिंगं पाठीपर्यंत गेली. नैनाच्या तोंडून श्वास सुटला. मोरेश्वररावांनी रायफल ओंडक्यावर टेकवली. गुडघा दुखत होता की नाही, त्यांना कळतही नव्हतं. नळी ते नेहमी रिकामी ठेवत, जनावर दिसल्यावरच पहिलं काडतूस वर घ्यायचं. बोल्ट मागे ओढला, पुढे ढकलला, त्याची दांडी खाली दाबली.

दांडी खाली जाईना.

पुन्हा दाबली. अर्ध्यात अडली. "हळद!" ते दातओठ खात पुटपुटले. "हळद गेली आत. तुझ्या आईला शंभरदा सांगितलं, बेताने उधळ म्हणून..." बुल तसाच उभा होता, कुशी दाखवून. अठरा वर्षं! त्यांनी तळहाताने दांडीवर जोर टाकला, आणि ती जराशी हलली. आणखी एक रेटा, की बसलीच.

नैनाने त्यांचं मनगट धरलं.

"बाबा, स्टॉप."

"सोड!"

"बाबा. स्टॉप."

गाई धरणारे हात ते, सुटतात थोडेच. दुसऱ्या हाताने तिने बोल्ट हळूच मागे घेतला. काडतूस तिच्या तळव्यात पडलं. बुडावर वाळलेलं कुंकू होतं. तिने अंगठ्याच्या नखाने ते खरवडलं आणि काडतूस बापाच्या डोळ्यांसमोर धरलं. टू-सेव्हंटी.

मोरेश्वररावांच्या तोंडचं पाणी पळालं. पण ते क्षणभरच, पुढच्या क्षणी ते तिच्यावरच उसळले, दबक्या आवाजात. "तुझं काडतूस माझ्या खोक्यात आलं कसं? गलथान! डॉक्टर झालीस आणि स्वतःच्या वस्तू—"

"बाबा," नैना म्हणाली, "ताटातून खोक्यात कुणी भरली?"

ती रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, त्यांना भांडता आलं असतं. बूड झाकलं कुणी? आपण. टॉर्च नको म्हणालं कोण? आपण. लेकीला हात लावू दिला नाही तो का, तर ती चुकेल म्हणून! चार माणसांत देवांगला मान खाली घालायला लावली, तेव्हा त्याची काडतुसं बरोबर होती, आणि आपण तीन आठवडे चुकीचं काडतूस उराशी धरून फिरतोय. त्यांना स्वतःच्या कानफटात मारावीशी वाटली.

नैनाने तोवर उरलेली तीन काढली होती, नखाने खरवडून वाचली होती. त्यातलं एक तिने पुढे केलं. "हे थर्टी-ऑट-सिक्स आहे. मी वाचलं. ही इज स्टिल देअर, बाबा. मार."

बुल खरंच तिथेच होता. एक पाऊल पुढे टाकून गवत खात होता.

मोरेश्वररावांनी काडतूस घेतलं. बूड वाचलं, मोठ्याने, पोर पाढे म्हणतं तसं. मग खिशात टाकलं, रिकाम्या रायफलीचा बोल्ट उघडा ठेवला आणि ती लेकीच्या मांडीवर दिली.

"बाबा, आर यू क्रेझी? परमिट आहे!"

"माहीत आहे."

"देन व्हाय?"

"नियम कुणाचा आहे?" ते ओरडलेच, आणि त्या आवाजाने बुलाने मान उचलली, एकदा यांच्याकडे पाहिलं आणि दोन उड्यांत तो झाडीत गेला. फांद्या मोडल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग तोही थांबला. मोरेश्वरराव ओंडक्याला टेकून बसले आणि रडले. रागानेच रडले, पण रडले.

उतरताना त्यांनी काठीसुद्धा मागून घेतली. गाडीपाशी फोनला रेंज आली. देवांगचा नंबर त्यांनी काढून टाकला होता, नैनाच्या फोनवरून लावला.

"देवांग, मोरेश्वरकाका बोलतोय."

 "काका! बुल मिळाला?"

म्हणजे पोराला परमिटचं माहीत होतं. सुचित्रानेच सांगितलं असणार. यावर चिडायचं त्यांना सुचलंही नाही.

"समोर होता. एकशे ऐंशी यार्डांवर."

"मग?"

"मी नैनाचं काडतूस माझ्या रायफलीत घातलं होतं. बूड न वाचता."

मोरेश्वररावांनी डोळे मिटून घेतले. फ्लॉपी डिस्क, म्युझियम, जे काय येईल ते ऐकून घ्यायचं ठरवूनच त्यांनी फोन लावला होता.

"फायर नाही ना केलं?" देवांगचा आवाज चढला होता. "काका, डोळे ठीक आहेत ना तुमचे?"

मोरेश्वररावांनी फोन लेकीपुढे धरला. नैनाने फोन घेऊन सांगितलं की सगळे ठीक आहेत, आणि पुन्हा बापाच्या कानाला लावला.

"परमिट अजून पाच दिवस चालेल ना, काका?" देवांग विचारत होता. "मी उद्या सुट्टी टाकतो. मी येतो तिकडे, तुमची काडतुसं मी वाचतो. ओके?"

"नाही," मोरेश्वरराव म्हणाले. "एक सीझन. तुला एक, मला एक."

"पण काका, तुम्हाला पुढचा सीझन—"

"रविवारी चहाला ये," ते म्हणाले. "हॅरल्डची रायफल न्यायला."