मार्करांची स्पर्धा कोण जिंकलं

भंडाऱ्याच्या जुन्या क्लबात भैय्यालाल बत्तीस वर्षं टेनिसचे मार्कर होते. मार्करनं कोर्टाला पाणी मारायचं, चुन्याच्या रेघा ओढायच्या आणि संध्याकाळी साहेबांना खेळवायचं. खेळवता खेळवता त्यांचा हात असा बसला, की एकही साहेब त्यांच्यापुढे टिकेना. पण पगार घेऊन खेळणाऱ्याला स्पर्धेत उतरायची मनाई होती.

१९६९ साली मात्र क्लबानं विदर्भातल्या मार्करांचीच स्पर्धा भरवली, रोख बक्षिसाची. या भागातली व्यावसायिक टेनिसची ती पहिलीच. शेवटच्या सामन्यात मोहाडीच्या टेकचंदला पाच सेटमध्ये हरवून भैय्यालाल जिंकले. पुन्हा ती स्पर्धा कधी झालीच नाही.

यंदा क्लबाची स्मरणिका निघणार असं कळलं आणि त्यात आपलं नाव यावं म्हणून शहात्तरीचे भैय्यालाल करडीहून एसटीनं तीनदा क्लबात गेले.

"जुनं दप्तर पुरात गेलं," सचिव म्हणाले. "सोमवारपर्यंत साक्षीदार आणा."

साक्षीदार एकच जिवंत होता. हरलेला.

रविवारी ते मोहाडीला पोचले. टेकचंदच्या बायकोनं, निर्मलाबाईनं, दार उघडलं. "भाऊ, लई उशीर केला तुमी. लकवा मारला. दोन वर्सं झाली, बोलनं गेलं त्याइचं."

भैय्यालाल खाटेपाशी बसले. "टेकचंद, मले वळखलं का? त्या दिवशी कोन जिंकलं, एकडाव सांग ना गड्या. फक्त नाव मांगून राहिलो मी."

टेकचंदच्या घशातून नुसती घरघर निघाली. डोळे भरून आले. मग त्यानं डावा हात कसाबसा उचलला आणि भैय्यालालच्या छातीवर ठेवला. घसरला, पुन्हा ठेवला. निर्मलाबाईनं तोंडाला पदर लावला. भैय्यालालनं कागदावर चार ओळी लिहिल्या, वाचून दाखवल्या आणि त्याचा अंगठा घेतला.

सोमवारी सचिवांनी तो कागद परत सरकवला. "बोलता न येणाऱ्याचा अंगठा? असा तर कोणीही आणेल."

"साहेब, त्यानं माझ्या छातीवर हात ठेवला जी. मी खोटं कायले बोलू?" जन्मात कोणापुढे न वाकलेले भैय्यालाल टेबलाची कड धरून खाली झुकले. "पाया पडतो तुमच्या."

सचिवांनी फोन कानाला लावला.

महिन्याभरानं स्मरणिका आली. सून तृप्तीनं वाचलं, "१९६९, मार्करांची स्पर्धा. विजेत्याची नोंद उपलब्ध नाही."

"अन् दुसरा कोन आला?"

"ते बी नाही, मामाजी."

भैय्यालालनं तिच्या हातातून स्मरणिका घेतली आणि मिटली. मग म्हणाले, "निर्मलाबाईले फोन लाव. सांग, नावं आली म्हनून. दोघांचीबी."

"पन मामाजी..."

"लाव म्हनतो ना."

फोन लागला, तृप्तीनं तसं सांगितलं. पलीकडून निर्मलाबाई नवऱ्याला मोठ्यानं सांगू लागल्या, "आयकलं का, तुमचं नाव छापलं!" ते भैय्यालालला ऐकवेना. ते भिंतीला धरून उठले आणि अंगणात जाऊन घराकडे पाठ करून बसले.