इंटरनेटला आवतन

आमच्या आईला ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत विरोधकांनी पाडलं नाही. ते काम मी एकट्याने केलं.

तेव्हा मी पुण्याहून कॉम्प्युटरचा कोर्स करून आलो होतो आणि अंगात किडे वळवळत होते. आईला गल्लीत नळ आणायचा होता. हंडे वाहून तिची मान आखडली होती, म्हणून तर ती उभी राहिली. कुंकवाचा करंडा घेऊन ती घरोघर आवतन द्यायला निघाली, तर मी दारातच आडवा!

"आई, दारोदार फिरायचे दिवस गेले! आता प्रचार इंटरनेटवर!"

"आरं, पण उंबऱ्याला गेल्याबिगर लोकं येत न्हाईत."

"येतात! तू निवांत बस."

मग बाळापूरच्या नेट कॅफेत माझ्या खेपा सुरू झाल्या. आईचा फोटो चढवण्यातच एक दुपार गेली (कपाळ दिसलं आणि लाईट गेली!). पण गावाच्या नावाने काढलेल्या कम्युनिटीत माणसं अशी वाढली म्हणता! नाशिक, पुणे, एक तर थेट दुबईहून: 'काकू, आगे बढो!' (यातलं एकही मत आमच्या वॉर्डात नव्हतं, पण एवढ्या बारीक गोष्टीत कोण लक्ष घालतो!) मला घरात बसवेना. भरल्या ताटावरून उठायचो, बाळापूरची जीप धरायचो, आणखी कोण आलं ते बघून यायचो आणि पारावर सांगत सुटायचो.

मतदानाच्या दिवशी शेजारच्या गयामावशी मान फिरवून पुढे गेल्या. मी धावत गाठलं.

"मावशी, मत आईलाच ना?"

"काहून? आमाला सांगितलं का कुणी? दुबईला सांगितलं म्हणं तुमी! भिंतीला भिंत हाय, पण तुज्या मायचा पाय न्हाई लागला आमच्या उंबऱ्याला!"

तसाच घरी पळालो, तर वडील मत देऊन आलेले. तोंड फुगलेलं.

"अण्णा, तुम्ही तरी..."

"मला तरी कुठं कोन म्हनलं? घरच्याला कोन इचारून राहिलं इथं!"

अण्णांनी कुणाला मत दिलं, हे आईने अजून विचारलेलं नाही.

निकाल लागला, आई पडली. तिने हंडा उचलला, तेव्हा मला फार वाईट वाटलं. संध्याकाळी निवडून आलेल्या शांताबाई रीतीने पेढे घेऊन दारात हजर! मी आत सटकत होतो, तर त्यांनी हाक मारून माझ्या हातावर चांगले दोन पेढे ठेवले.

"लेकरा, फुडच्या इलेक्शनलाबी ये बरं का गावाकडं. अन् प्रचार बराबर तुज्या मायचाच कर!"