कुठलं कार्टून?

जळकोटात सोलापूर-हैदराबाद हायवेला लागून माझं ठिबकच्या साहित्याचं दुकान आहे. नळ्या, ड्रीपर, फिल्टर, वॉशर असला माल. हंगामात माणसं दारात उभी असतात, एरवी भर दुपारी कुणी फिरकत नाही. तेव्हा मी काउंटरवरच्या नळीच्या बंडलाला मोबाईल टेकवून जपानी ॲनिमे, म्हणजे चित्रांतल्या मालिका आणि सिनेमे, बघत बसतो. गिऱ्हाईक आलं की मोबाईल पालथा घालतो. लाज वाटते म्हणून नाही, समजावून सांगायचा कंटाळा येतो म्हणून.

ही सवय सोलापूरला कॉलेजात लागली. रूम पार्टनरनं एक अख्खी हार्ड डिस्क भरून दिली होती. तेव्हा आम्ही दोघं एकेका भागावर मेसच्या जेवणाला उशीर होईपर्यंत भांडायचो. आता तो बंगळूरला असतो. मी काही पाठवलं की त्याचा अंगठा येतो. अंगठ्याशी भांडता येत नाही.

गावातले मित्र चांगले आहेत, पण त्यांचे सिनेमे वेगळे. हिरो गाडीतून उतरायच्या आधी त्याची चप्पल दिसली पाहिजे, धूळ उडाली पाहिजे. मीही ते बघतो, त्यांच्याबरोबर शिट्ट्याही मारतो. पण माझं मत विचाराल तर आपल्या सिनेमावाल्यांना आमचा भाग दिसतच नाही. त्यांच्या मराठवाड्यात भेगाळलेली जमीन आणि आभाळाकडं बघणारा म्हातारा, बस्स. जपानी लोक एका फालतू विजेच्या खांबावर किती वेळ थांबतात! चार तारा, त्यावर संध्याकाळचं ऊन, एक कावळा. गोष्ट तिथं पुढं सरकत नाही. मला ते बघताना आमच्या दुकानासमोरचे खांब आठवतात. ते कुणीतरी असे काढावेत असं वाटतं. पण हे बोलणार कुणाशी?

माझी सगळ्यात आवडती मालिका दोन बहिणींची होती. बर्फाच्या गावात त्यांचं नूडल्सचं छोटं दुकान. आईबाप नाहीत. थोरली रांधते, धाकटी वाढते आणि बडबड करते. शेवटी धाकटी शिकायला शहरात निघून जाते. शेवटच्या प्रसंगात थोरली दुकानाचं दार लावते, एक वाडगा भरते आणि रिकाम्या दुकानात एकटीच बसून खाते. तिथंच मालिका संपते. यापेक्षा दुःखी शेवट मी बघितलेला नव्हता. लेखकानं तिला असं एकटं टाकायला नको होतं, हे माझं ठाम मत होतं आणि ते मी मनात अनेक वर्षं बाळगून होतो.

गेल्या वर्षी मामानं येडशीचं एक स्थळ आणलं. मी तिशी ओलांडलेली, शेती आणि दुकान असलेला, गावात राहणारा. असल्या मुलांची सध्या काय अवस्था आहे ते आमच्याकडं घराघरात माहीत आहे. तोवर मुली बघायचे बरेच कार्यक्रम झाले होते. त्यामुळं मी काही अपेक्षा ठेवून गेलो नव्हतो.

मुलीच्या काकांनी नेहमीचे प्रश्न विचारले. पाणी किती, विहीर का बोअर, दुकान स्वतःच्या जागेत का भाड्याच्या. मग म्हणाले, "आणि आवड कशाची?"

मी म्हणालो, "सिनेमे बघतो."

माझ्या वडिलांना वाटलं हे उत्तर बरं नाही. ते घाईनं म्हणाले, "तसं न्हाय हो. पोरगं निर्व्यसनी हाय. सुपारीचं खांड तोंडात टाकत न्हाय. फकस्त ते कार्टून बघतंय मोबाईलवर."

बैठकीतली सगळी माणसं हसली. मामाही हसला. मुलगी हसली नाही, ती ताटल्या गोळा करत होती. मी खाली सतरंजीकडं बघत राहिलो.

मग पद्धतीप्रमाणं आम्हाला गच्चीवर बोलायला पाठवलं. तिची वहिनी जिन्याच्या तोंडाशी मोबाईल घेऊन बसली. खाली स्टेशनाकडं जाणारा रस्ता दिसत होता आणि पलीकडं रामलिंगाच्या डोंगरातली झाडी. मी मनात ठरलेली वाक्यं जुळवत होतो. तुमचं शिक्षण किती झालं, गावात राहायला जमेल का.

तिनंच आधी विचारलं, "कुठलं कार्टून?"

"तसं कार्टून न्हाय ते," मी म्हणालो. "जपानी असतं. त्याला..."

"ॲनिमे. माहितीय. म्हणून तर विचारलं, कुठलं?"

मी दोन बहिणींच्या मालिकेचं नाव घेतलं. अनोळखी माणसासमोर हे नाव उच्चारायची माझी ती पहिलीच वेळ असावी, माझा उच्चारही चुकला. तिनं बरोबर उच्चारून दाखवला.

"बघितलंय मी. दोनदा," ती म्हणाली. ती धाराशिवला एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. जाता-येता एसटीत बघायची. "एक भाग संपेस्तोवर धाराशिव येतं. शेवट कसा वाटला तुम्हाला?"

"लई वाईट. म्हणजे काढलाय चांगला, पण बघवत नाही. एकटी पडली ती."

तिनं मान हलवली. "मला तर लई बरं वाटलं."

"बरं?"

"ती बसली ना!"

मला कळलं नाही. ती माझ्याकडं बघून म्हणाली, "अख्ख्या मालिकेत थोरली एकदा तरी बसून जेवलीय का? आठवा. धाकटी बसून खाती, गिऱ्हाईक बसून खातंय, तो म्हातारा मास्तर रोज येऊन बसतो. थोरली उभ्यानं चव बघती, उभ्यानंच घास टाकती तोंडात आणि वळती परत चुलीकडं. शेवटी दार लावती आणि बसती. गरम गरम खाती. मी एसटीत रडले. शेजारच्या बाईनं विचारलं काय झालं, तर म्हणलं आनंदानं रडतेय."

तरी मी माझा मुद्दा सोडला नाही. म्हणालो, "पण मागचं संगीत किती उदास आहे."

"संगीत न्हाईच तिथं. नुसता फुरके मारल्याचा आवाज आहे."

मी आठवायचा प्रयत्न केला आणि मला हसू आलं. ती बरोबर होती. जे संगीत मला इतकी वर्षं ऐकू येत होतं ते माझं मीच लावलेलं होतं.

त्यानंतर आम्ही काय काय बोललो. तिला हिंदीत डब केलेलं आवडायचं नाही, कारण त्यात शांत बसलेल्या माणसालाही बोलायला लावतात. मी तिला खांबांचं सांगितलं. ती म्हणाली, तिला ॲनिमेतल्या उन्हाळ्यातला रातकिड्यांसारखा तो किर्र आवाज आवडतो, तो ऐकला की येडशीचं जंगल आठवतं. वहिनीनं जिन्यातून विचारलं, "झालं का?" ती म्हणाली, "थांबा की वहिनी जरा." हे 'थांबा की जरा' मला फार आवडलं. गावात राहायला जमेल का, हा प्रश्न विचारायचा राहूनच गेला.

परत येताना गाडीत मामानं विचारलं, "काय बोलला एवढा येळ?" मी म्हणालो, "सिनेमाचं." तो म्हणाला, "मुद्द्याचं बोलायचं ते सोडून..."

चार-पाच दिवसांनी नकार आला. पोरगी काही म्हणाली नव्हती, घरच्यांना पुण्यात नोकरी करणारा मुलगा पाहिजे होता. मामा दुकानात येऊन सांगून गेला. मी विचारलं, "तिचा नंबर मिळंल का?"

"नकार आल्यावर नंबर कशाला?" तो म्हणाला. रागानं नाही, त्याला खरंच समजत नव्हतं.

मलाही समजावता आलं नसतं. लग्न व्हावं असं वाटत होतं का? वाटत होतं. पण त्या क्षणी नंबर हवा होता तो दुसऱ्याच कारणासाठी. त्या दिवसांत मी ती मालिका पहिल्या भागापासून पुन्हा बघायला घेतली होती, आणि थोरली खरोखरच कुठं बसत नव्हती. आजारी असते त्या भागातसुद्धा ती भिंतीला टेकून उभ्यानं पेज पिते. एका भागात धाकटी तिच्यासाठी स्टूल ओढते, तेवढ्यात गिऱ्हाईक येतं आणि स्टूल तसंच राहतं. ते स्टूल येडशीच्या मुलीच्याही नजरेतून सुटलं असेल असं मला वाटलं. तिला सांगायचं होतं, तुमचं बरोबर आहे, आणि हे स्टूल बघितलं का? एवढ्या एका वाक्यासाठी कुणाच्या घरी फोन करता येत नाही.

मग मी घरातही बघायला लागलो. आई आम्हाला वाढायची, मी आणि वडील उठलो की ती बसायची. हे मला माहीत होतं, पण माहीत असणं आणि दिसणं वेगळं. एक दिवस म्हणालो, "आई, तू पण बस की आमच्याबरोबर."

"मग भाकरी गार खाताल का?"

"खाईन."

"तू खाशील, तुझे वडील न्हाईत खायचे," ती म्हणाली आणि तव्याकडं वळली.

मग मी वडिलांबरोबर जेवायचं सोडलं. ते उठले की मी आणि आई बसायला लागलो. पहिले काही दिवस तिला अवघडल्यासारखं झालं, सारखी उठायची. जेवताना बोलायला काही नसायचं म्हणून मी तिला त्या बहिणींची गोष्ट सांगितली. तिनं नीट ऐकली. शेवटी विचारलं, "धाकटी परत आली का मग?"

"न्हाय आली."

"मग काय बघायचं त्यात?" आई म्हणाली. तिचं मत तिच्यापुरतं पक्कं होतं. येडशीच्या गच्चीवरची ती असती तर दोघींचं चांगलं भांडण झालं असतं, असं मनात आलं.

थंडीत दुकान बंदच असल्यासारखं असतं. तेव्हा मी एक शेतीचा गेम खेळायला लागलो. शेतकऱ्यानं शेतीचा गेम खेळावा यावर वडील आजही हसतात. त्या गेममध्ये पाऊस वेळेवर येतो, मुळा चार दिवसांत तयार होतो आणि बाजारात भाव कधी पडत नाही. त्याला मी माफ केलं. पण त्यातल्या गावाबद्दल माझी तक्रार आहे. तिथली माणसं रोज भेटलात, काही भेट दिलीत, की तुमच्याशी मोकळं बोलायला लागतात. एक वाचनालयवाली मुलगी आहे, तिच्याशी मी रोज बोलायचो. गेममधल्या पहिल्या हिवाळ्यात ती दर वेळी नवीन काहीतरी सांगायची. दुसऱ्या हिवाळ्यात तीच वाक्यं परत आली, त्याच क्रमानं. गेम बनवणाऱ्यांनी कुणी इतका काळ एकटा खेळेल असं धरलं नसणार. मी तो गेम मोबाईलमधून काढून टाकला.

इंटरनेटवर मालिकांची चर्चा करणारी एक जागा आहे. तिथं मी थोरलीबद्दल मराठीत लांबलचक लिहिलं. बसण्याचं, स्टुलाचं, फुरक्यांचं. ही दृष्टी माझी नाही, दुसऱ्या कुणाची आहे, हेही लिहिलं. येडशीचं नाव घेतलं नाही. ती वाचेल अशी आशा होती, नाही म्हणत नाही. बऱ्याच दिवसांनी खाली एक उत्तर आलं. कुणीतरी इंग्रजीत लिहायची विनंती केली होती.

उन्हाळ्यात मामाकडून सहज कळलं की तिचं लग्न झालं, ती पुण्याला गेली. मी म्हणालो, "बरं झालं." आणि खरंच बरं वाटलं. तिकडं मोठ्या पडद्यावर असले सिनेमे लागतात.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सोलापूरलाही एक लागला. दुपारचा खेळ. मी दुकान बंद करून मोटारसायकलवर गेलो. आत पाच-सहा माणसं होती आणि प्रत्येकजण दुसऱ्यापासून होईल तितका लांब बसला होता. सिनेमा एका नावाड्याचा होता. तो बेटावरच्या पोरांना रोज शाळेत सोडतो, मग पूल बांधला जातो. शेवटी म्हातारा नाव काठाला बांधतो आणि पुलावरून चालत पलीकडं जातो. मोठ्या पडद्यावर पाण्याचा तो रंग बघून मी खुर्चीत पुढं सरकून बसलो. पडद्यावरची कलाकारांची नावं संपेपर्यंत कुणी उठलं नाही. दिवे लागल्यावर कुणी कुणाकडं बघितलंही नाही.

पार्किंगमध्ये माझ्या वयाचा एकजण शेजारचीच गाडी काढत होता. हेल्मेट चढवता चढवता तो, बहुतेक स्वतःशीच, म्हणाला, "त्यानं पुलावरून जायला नको होतं राव."

मी चटकन म्हणालो, "का? उलट गेला तेच बरोबर."

त्यानं गाडी चालू केली होती. हेल्मेट माझ्याकडं वळवून त्यानं विचारलं, "काय?"

"न्हाय, तो म्हातारा..."

"हां हां, होय," तो म्हणाला, हात वर केला आणि गेला. त्याला बहुतेक वाटलं मी रस्ता विचारतोय.

मीही हैदराबाद रोडला लागलो. इटकळच्या पुढं ऊन उतरायला लागलं होतं. मनात मुद्दे येत गेले. पूल त्याच्या विरोधात बांधलेला नव्हता. तो चालत जातो तेव्हा वरून पहिल्यांदा आपलं पाणी बघतो, नावेत बसून ते तसं कधी दिसलंच नसणार. नळदुर्गला चहाला थांबलो तेव्हा मुद्द्यांची चांगली भट्टी जमली होती.

चहावाल्यानं कप पुढं ठेवला आणि विचारलं, "कुणाशी बोलताय?"

मी मोठ्यानं बोलत होतो हे तेव्हा कळलं. म्हणालो, "फोनवर."

त्यानं माझ्या कानांकडं बघितलं. दोन्ही मोकळे होते. फोन खिशात होता. तो भला माणूस होता. फडकं घेऊन बाकडं पुसायला लागला. मी चहा प्यालो आणि राहिलेला मुद्दा हळू आवाजात पुरा केला.