माझ्याशिवाय वाजलेलं गाणं

रात्रपाळी करून राजूरला घरी आलो आणि सकाळभर धाकट्या मुलीला घेऊन दवाखान्यात बसलो. झोप राहिली ती राहिलीच. दुपारी बेस गिटारची पिशवी पोटाशी धरून वणीहून यवतमाळपर्यंत एसटीत उभ्यानंच आलो. खाणीत मी पाणी उपसायच्या पंपावर आहे. चाळिशी उलटून गेली, तरी बँड काही सुटत नव्हता.

दारव्हा रोडला एका हॉटेलच्या वर छोटासा हॉल आहे. मालक त्याला क्लब म्हणतो. शेजारी ओरडू नयेत म्हणून खिडक्यांना जुन्या गाद्या ठोकल्यात. त्या संध्याकाळी चार बँड होते, सगळे स्वतःची गाणी करणारे. ऐकायलाही बहुतेक तेच, आपला नंबर येईपर्यंत भिंतीला टेकून उभे. आम्ही तिघं: मी, आमचा ड्रमवाला, आणि गाणी लिहिणारा, गाणारा मित्र. त्याचं आर्णीत मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे.

पहिल्या बँडनं सुरुवात केली आणि मी मागच्या बाकावर टेकलो. कानठळ्या बसतील असा आवाज होता. त्यातच मला झोप लागली.

जाग आली ती पाठीखालचा बाक थरथरत होता म्हणून. ओळखीची चाल. क्षणभर वाटलं, मीच वाजवतोय. डोळे उघडले तर स्टेजवर आमचे दोघं, आणि माझी बेस पहिल्या बँडमधल्या बाईच्या गळ्यात. ती बँकेत नोकरी करते, एवढंच मला ठाऊक होतं. ती चांगलं वाजवत होती. मी जिथं घाई करतो, तिथं ती थांबत होती.

उठून पुढं जावं असं वाटलं, पण पाय जड झाले होते. मग बसून ऐकलं. हे गाणं मी कितीतरी वर्षं वाजवलं, पण स्टेजवर मला फक्त ड्रम आणि माझीच तार ऐकू यायची. दुसरं कडवं त्या दिवशी पहिल्यांदा नीट कानावर पडलं. त्यात पाय मोडलेला म्हातारा दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारतो आणि कोणी थांबत नाही. ते माझ्या मित्राचे वडील होते. त्या दारातून मी सरावाला कितीदा आत गेलो असेन.

गाणं संपल्यावर मित्र खाली उतरून माझ्याकडं आला.

"मले काहून नाही उठवलं बे?"

"हलवून पाह्यलं ना. तू उठलाच नाही. मग जीवावर आलं." तो घामानं निथळत होता. "शेवटचं राह्यलं. येतो का वाजवाले?"

मी स्टेजकडं पाहिलं. ती बाई बेस उतरवून उभी होती, माझीच वाट पाहत.

"तिलेच वाजवू दे," मी म्हटलं.

"राग आला काय?"

"नाही रे. थकलो मी."

तो माझ्या खांद्यावर हात ठेवून परत गेला. 'थकलो' हा शब्द तोंडून निघाला आणि मला इतकं हलकं वाटलं की शेवटचं गाणं मी जागेपणी पूर्ण ऐकलं.

खाली हॉटेलात जेवताना मी मित्राला विचारलं, "बाबा कसे हायेत?"

"आता हाका नाही मारत," तो म्हणाला. पुढं बराच वेळ तो वडिलांबद्दल बोलत होता आणि ड्रमवाला आम्हाला भाजी वाढत होता.

आता आमच्या बँडमध्ये बेस ती बाईच वाजवते. मध्ये एकदा सुट्टी मिळाली म्हणून ऐकायला गेलो होतो. वाईट वाटलं नाही. फक्त गाणं चालू असताना हातांचं काय करावं, ते कळत नव्हतं.