निधन वार्तेतली माझी ओळ

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या लातूरच्या घरात निधन वार्तेचा मजकूर ठरत होता. आमच्याकडे या बातमीची चाल ठरलेली असते. आधी पश्चात कोण कोण आहे ते नावं न घेता येतं आणि शेवटी मुलांच्या हुद्द्याची ओळ: अमक्या खात्यातले तमके यांचे ते वडील होत. मी एकुलती एक. म्हणून ती ओळ माझ्यावर आली.

"ताई, तुझं काय टाकू?" मोबाइलवर टाइप करणाऱ्या चुलतभावानं विचारलं. "पाचच्या आत पाठवायचंय."

"यूएक्स डिझायनर."

त्याचा अंगठा थांबला. बिलोलीहून आलेले काका भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, "ह्ये काय आनि? सॉफ्टवेअर इंजिनिअर लिही की. लोकाला कळाय नको?"

"मी इंजिनिअर नाही, काका."

"कॉम्प्युटरवरच करायलीस ना काम? मग झालं."

मला राग आला, आणि तो एकट्या काकांचा नव्हता. पुण्याच्या ऑफिसात तरी काय वेगळं आहे? माझ्या कार्डावरचा हुद्दा चार वेळा बदलला, काम तेच राहिलं. साहेब पाहुण्यांना सांगतात, "या मॅडम स्क्रीन सुंदर करून देतात." मागच्याच महिन्यात आपलं काम कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं यावर आम्ही सहा जण दोन दुपारी भांडलो आणि फळ्यावर चौकोन काढून उठलो.

बाबांनी मात्र माझ्याबद्दल कधी काही ठोकून दिलं नाही. ते मराठीचे शिक्षक. कुणी विचारलं की म्हणायचे, "तिचं काम मला अजून नीट सांगता येत नाही. विचारून सांगतो." आणि खरंच रविवारी फोन करून विचारायचे. मी काहीबाही सांगायचे. ते "हं" म्हणायचे. त्यांचं समाधान झालेलं नाही, हे त्या "हं"वरून कळायचं.

गेल्या हंगामात सोयाबीनच्या भावाचं एक ॲप तपासायला मी इथल्या धान्याच्या मोंढ्यात आले होते. बाबाही सोबत आले. आडत दुकानात एका शेतकऱ्याशेजारी बसून तो ॲप कसं वापरतो ते मी पाहत होते. ॲपनं काही विचारलं की तो फोन मुनिमाकडे सरकवायचा. मी वहीत लिहिलं, अक्षर लहान आहे.

परतताना ऑटोत बाबा म्हणाले, "अक्षराचं काही नाही गं. पावतीवरचं बारीक अक्षर तो घडाघडा वाचत होता. चार माणसांत चुकायचं नव्हतं त्याला. फळ्यापाशी बोलावलं की पोरं असंच करतात."

मी वहीतली ओळ खोडली. घराजवळ आल्यावर ते पुन्हा बोलले. "म्हणजे माणूस कुठं अडतो ते तू शोधतेस. आणि त्याला दोष न देता वाट सोपी करतेस. आता सांगता येईल मला."

मला ते वाक्य बातमीत हवं होतं. मी ते म्हणून दाखवलं.

"ताई, एवढं बसत नाही," चुलतभाऊ हळूच म्हणाला. "जागा ठरलेली असते."

"बातमी हाय का निबंध?" काका म्हणाले.

"मग माझी ओळच काढून टाक."

काका भिंत सोडून ताठ बसले. "एकुलत्या लेकीचं नाव न्हाई? बापलेकीचं पटत नव्हतं म्हनतील लोक!"

"इंजिनिअरचं काम मी करतच नाही. खोटं कशाला छापायचं?" माझा आवाज चढला होता.

आतल्या खोलीतून आई म्हणाली, "त्यांच्या बातमीत मघापासून तुझंच चाललंय."

पाच वाजायला आले होते. "टाक," मी म्हणाले. "इंजिनिअर."

सकाळी पेपर आला. बाबांचा फोटो चांगला छापला होता. दहाच्या सुमारास त्यांच्या शाळेतले एक जुने सहकारी बसायला आले. त्यांनी चष्मा लावून बातमी शेवटपर्यंत वाचली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुम्ही इंजिनिअर? सर तर वेगळंच सांगायचे."

"काय सांगायचे?" मी विचारलं.

ते बराच वेळ आठवत राहिले. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते.

"नेमकं आठवत नाही आता," ते म्हणाले. "पण चांगलं होतं काहीतरी. सगळ्यांना बोलावून सांगायचे."