ट्रेलर ओढत मुलुंडहून सप्तशृंगीगडापर्यंत

डिझेल पिकअप घ्यायचं ठरलं तेव्हाच मी सांगून ठेवलं होतं, पहिली फेरी देवीची. आमच्या ह्यांनी आजवर दुसऱ्यांच्याच गाड्या चालवल्या. आता माझी एफडी मोडून, जुनी का होईना, ट्रेलर ओढणारी स्वतःची गाडी दारात आली. पण दर्शनासाठी एवढं डिझेल जाळत रिकामं जायचं, हेही जिवावर येत होतं.

तेवढ्यात घाटकोपरच्या जयंतीभाईंचा फोन आला. ते चाकांवरची चहा-वडापावची दुकानं बनवतात. त्यातलं एक ट्रेलरसारखं ओढत नाशिकला पोचवायचं होतं.

"सुनीलभाई, ओरखडा नको हां. नीट पोचलं तर पुढची सगळी तुमचीच."

नाशिक गडाच्या वाटेवरच. मी तोडगा काढला: भाडं घ्यायचं, पण दर्शन होईपर्यंत त्यातला रुपया मोडायचा नाही.

सकाळी पूजा केली. चाकांखाली लिंबं ठेवली, पुढच्या जाळीवर देवीचा लाल खण ताणून बांधला, वर झेंडूचा जाड हार. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "झकास गं! नवरीच दिसतेय!"

तुम्हीही ट्रेलर घेऊन निघणार असाल तर भिवंडी उजाडायच्या आत मागे टाका. नंतर लेन बदलायला कोणी जागा देत नाही. शहापूरच्या पुढे थांबून घरची धपाटी खाल्ली, विकतचा फक्त चहा घेतला.

कसारा घाट सुरू झाला आणि गाडीचा आवाज जड झाला. ह्यांची नजर सारखी टेंपरेचरच्या काट्यावर. काटा चढतच होता. शेवटी रुंद जागा बघून गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडलं.

"काय झालं हो?"

"काही नाही. जरा दम खाऊ दे तिला."

"मला सांगा ना नीट!"

हे खणाकडे बघत हळूच म्हणाले, "रेडिएटरला वारा लागत नाहीये."

"मग काढायचा ना!"

"तू बांधलायस. देवीचा खण घाटात कसा काढू?"

इथे इंजिन बसलं तर गाडीही गेली आणि जयंतीभाईंचं कामही. मी हात जोडले, हार उतरवला, खण सोडला, कपाळाला लावला आणि ट्रेलरच्या मागे बांधला. लाल रंग, मागच्यांना लांबूनच दिसेल.

"देवीला मागे बसवलंस?"

"राखण करायची तर मागेच बसावं लागतं."

हे हसले. इंजिन निवेपर्यंत थांबलो. (तापलेल्या रेडिएटरचं झाकण चुकूनही उघडू नका, वाफ तोंडावर येते.) मग गाडी जी निघाली, ती थेट इगतपुरी. नाशिकच्या गिऱ्हाईकाने दुकान चारी बाजूंनी निरखलं. कुठे ओरखडा नाही. खण मात्र त्याने सोडू दिला नाही. "राहू द्या ताई, दुकानालाच."

गडावर रिकामी गाडी पळतच चढली. गुडघे दुखत असतील तर वर ट्रॉली आहे; आम्ही पायऱ्यांनी गेलो. तो भव्य शेंदरी मुखवटा समोर आला आणि मागायचं ठरवलेलं सगळं विसरले. नुसतीच उभी राहिले.

डिझेल, टोल भाड्यातून निघाले, थोडे पैसे उरलेही. पण मनात राहिलं ते घाटातलं ह्यांचं हसू. असं हसताना कित्येक दिवसांत पाहिलं नव्हतं.

परत आल्यावर दुसऱ्याच दिवशी जयंतीभाईंचा फोन. "कोल्हापूरची दोन दुकानं आहेत. जमेल?"

हे सवयीने म्हणाले, "मालकांना विचारून सांगतो." फोन ठेवला आणि स्वतःच थबकले.

मी मेथी निवडत होते. "विचारा मग."

हे वळले, हात जोडून म्हणाले, "मालकीणबाई, कोल्हापूर?"

"अंबाबाईचं दर्शन होणार असेल तर हो म्हणा."